‘नमस्ते’मधला ‘ते’ आणि बोस्नियन वाक्यातली दुसरी जागा

‘३० दिवसांत बोस्नियन’ असं सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या हिशोबाने इंग्रजी भाषकाला ही भाषा कामापुरती यायला ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे ११०० तास लागतात. लिपी सोपी आहे: ३० अक्षरं, प्रत्येकाचा ठरलेला उच्चार. सात विभक्तीही घोकून येतात. घोडं अडतं ते चिमुकल्या शब्दांपाशी.

‘मी त्याला तो दिला’ हे बोस्नियनमध्ये ‘या साम मु गा दाओ’. ‘या’ म्हणजे मी, ‘साम’ सहायक क्रियापद, ‘मु’ त्याला, ‘गा’ तो. साम, मु, गा यांना स्वतःचा आघात नाही. आधीच्या शब्दाला टेकल्याशिवाय ते उच्चारता येत नाहीत, म्हणून तिघे मिळून वाक्यात दुसऱ्या जागी बसतात. कर्ता गाळला तरी चालतो, हे शिकलेला इंग्रजी भाषक ‘या’ काढतो आणि ‘साम मु गा दाओ’ म्हणतो. चूक! टेकायला शब्दच उरला नाही. क्रियापद पुढे आणा: ‘दाओ साम मु गा’. ‘आज’ने सुरुवात केली तर ‘दानास साम मु गा दाओ’. ‘इ’ (आणि) मात्र पहिला शब्द म्हणून मोजायचा नाही.

या चिमुकल्या शब्दांच्या जुडग्यातला क्रमही पक्का: प्रश्नार्थक ‘ली’, सहायक क्रियापद, चतुर्थी (‘मु’), द्वितीया (‘गा’), मग ‘से’ (स्वतःला). अपवाद तृतीयपुरुषी एकवचनाच्या ‘ये’चा. तो सहायक असूनही शेवटी जातो: ‘ओन मु गा ये दाओ’, म्हणजे त्याने त्याला तो दिला. ‘साम’च्या सवयीने ‘ये’ पुढे ओढला जातो, आणि वाक्य बिघडतं.

दुसऱ्या जागेचा हा नियम स्विस भाषाशास्त्रज्ञ याकोब वाकरनागेल यांनी १८९२ मध्ये संस्कृत, ग्रीक अशा प्राचीन भारोपीय भाषांत दाखवला. संस्कृतातले ‘मे’ (मला) आणि ‘ते’ (तुला) चरणाच्या आरंभी येत नाहीत, हे पाणिनीने त्याच्या कितीतरी आधी सूत्रात बांधलं होतं (८.१.१८). ‘नमस्ते’ म्हणजे नमः + ते, तुला नमन. बोस्नियनमध्ये ‘ह्वाला ति’, तुला धन्यवाद. तो ‘ते’ आणि हा ‘ति’ सख्खे भाऊबंद! म्हणून बोस्नियन संस्कृतातून निघाली असं कोणी म्हणेल, तर ते खोटं. दोघींचं मूळ त्याहून जुन्या एकाच भाषेत आहे.

सराव असा करावा: एकच वाक्य घेऊन पहिला शब्द दहा वेळा बदलायचा, आणि तो शब्द व जुडगं मध्ये न थांबता एका दमात, मोठ्याने म्हणायचं.