मनगटातली कंडरा आणि चेता: दुखणं नेमकं कुणाचं?

अंगठ्याचं आणि करंगळीचं टोक एकमेकांना लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहते. बहुतेक जण तिला नस समजतात. पण ती कंडरा असते, म्हणजे स्नायूची ओढ पुढे पोचवणारी दोरी. शाळेच्या पुस्तकातला स्नायुरज्जू तो हाच. काहींना ती दिसणार नाही, कारण त्यांच्या हातात ती जन्मापासूनच नसते आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. खरी नस, म्हणजे संदेश वाहणारी मध्य चेता, तिच्या खाली, किंचित अंगठ्याकडच्या बाजूला दडलेली असते. दोन्ही पांढरट, दोन्ही दोरीसारख्या. प्राचीन ग्रीक वैद्यही या दोहोंची सरमिसळ करत. इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात हिरॉफिलसनं मृतदेहांचं विच्छेदन केलं, तेव्हा चेता नीट वेगळ्या ओळखल्या गेल्या.

सोलापूरच्या पूर्व भागात मात्र हा घोळ अजून घरोघरी आहे. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बायकांचा हात दिवसभर थांबत नाही: तेंदूचं भिजवलेलं पान कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा, तोंड मुडपा. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबानं, मग थांबणार कसं? हात भरून आला की ‘शीर आखडली’ म्हणायचं आणि तेल चोळायचं. दुखणं कंडरेचं की चेतेचं, हे कुणी विचारत नाही. आणि विचारायला हवं ते नेमकं हेच.

कंडरा ही संयोजी ऊती. कोलॅजनचे तंतू एकाच दिशेनं घट्ट रचलेले, मधूनमधून थोड्या पेशी, रक्तपुरवठा बेताचा. म्हणूनच ती दुखावली की भरून यायला वेळ घेते. बोटांमध्ये स्नायू नसतातच. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि कंडरा त्यांची ओढ बोटाच्या हाडापर्यंत पोचवते. जॅकार्डच्या मागावर वरची दोरी ओढली की खालचा ताण्याचा धागा उचलला जातो, तसंच हे काम. दोरीला स्वतःला काही कळायची गरज नसते.

चेता ओढत काहीच नाही. ती म्हणजे असंख्य अक्षतंतूंचा, म्हणजे चेतापेशींच्या लांब धाग्यांचा, जुडगा. बोटाच्या टोकाचा स्पर्श नेणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग मानेजवळ, मेरुरज्जूच्या शेजारी असतो. म्हणजे मानेपासून बोटापर्यंत पसरलेली ही एकच पेशी. निरोगी हातात संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगानं जातो. याच जुडग्यातले काही तंतू स्पर्श वर मेंदूकडे नेतात, तर काही अंगठ्याच्या स्नायूंना हुकूम देतात.

आता खरी अडचण. मनगटात मागे हाडं आणि पुढे जाड अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) अशी एक चिंचोळी वाट आहे. तिच्यातून ९ कंडरा आणि १ चेता जातात. हाताला सतत तीच ती हालचाल पडली की कंडरांभोवतालचं आवरण सुजू शकतं. वाट रुंद होत नाही, मग चिरडली जाते ती चेता. त्रास देणारी एक आणि भोगणारी दुसरी!

कंडरेचं दुखणं हालचालीला बांधलेलं असतं: बोट वाकवलं की कळ येते, दाबलं की दुखतं, कधी बोट अडकून खटकन सुटतं. चेतेची तक्रार वेगळी. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तोही बऱ्याचदा रात्री. बाई झोपेतून उठून हात झटकत बसते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी वाचते. तिची चेता वेगळी, ती त्या चिंचोळ्या वाटेतून जातच नाही. (कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या तिच्याच. हाडाचा त्यात दोष नाही.) दुर्लक्ष झालं तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सुकत जातो आणि हातातल्या वस्तू निसटू लागतात.

चोळण्यानं चेतेवरचा दाब हटत नाही. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि कामात मधूनमधून विसावा उपयोगी पडतो. चेतेतून संदेश किती वेगानं जातो, हे तपासता येतं. दाब फारच असेल तर तो अस्थिबंध कापून वाट मोकळी करतात. दोन्ही पाय आणि दोन्ही हात बधिर होत असतील, तर मनगटाच्या आधी साखर तपासावी.

काचेनं मनगट कापलं तर फरक लगेच दिसतो. कंडरा तुटली तर बोट वाकत नाही, पण टाचणी टोचलेली कळते. मध्य चेता तुटली तर बोटं वाकतात, पण टोचलेलं कळत नाही. अशी जखम वरवर टाके घालून घरी पाठवण्याची नव्हे; सिव्हिल असो वा खाजगी दवाखाना, आधी दोन्ही तपासून घ्यावं. जोडलेली चेता दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. त्यामुळे मनगटापासून बोटाच्या टोकाला स्पर्श परत यायला कित्येक महिने लागतात.