ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटसाठी फाईल आणताना

"कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट काढू, की रंगीत काढून नंतर करू?" लग्नसराईत काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. आमचं उत्तर : दोन्ही करा. कॅमेऱ्याच्या क्वालिटी सेटिंगमध्ये 'रॉ + जेपीईजी' निवडा (रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल, जेपीईजी म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) आणि कॅननमध्ये पिक्चर स्टाईल, निकॉनमध्ये पिक्चर कंट्रोल मोनोक्रोमवर ठेवा. स्क्रीनवर फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसतो, त्यामुळे नजर ऊन-सावलीवर राहते. रॉ फाईलमध्ये रंग शाबूत असतात.

घोळ होतो तो नुसता मोनोक्रोम जेपीईजी काढला की. त्यातले रंग कायमचे गेलेले असतात. नंतर कोणी रंग भरून दिले, तरी ते अंदाजाचेच.

हिरव्या शालूचे लाल काठ घ्या. डोळ्याला दोन्ही ठसठशीत वेगळे. पण उजळपणा सारखा असेल, तर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन्हींचा एकच राखाडी होतो आणि काठ शालूत विरून जातात. रॉ असेल तर आम्ही लाल उजळवतो, हिरवा दाबतो, काठ लगेच उठून येतात. मोनोक्रोम जेपीईजीत मात्र एकेक काठ हाताने निवडत बसावं लागतं. तासभर जातो आणि तरीही मनासारखं होत नाही. कॅमेऱ्यातला लाल फिल्टर लावला तर काठ उजळतात खरे, पण हळदीचा चेहराही पांढराफटक पडतो.

काळ्या शेरवानीच्या घड्यांचंही तेच. जेपीईजीत छटांच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला तपशील त्यातूनच निघतो.

रॉ लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर फोटो बहुधा रंगीत दिसतो. फाईल बिघडली समजून डिलीट करू नका, कृपया. अशा फाईली गमावून बसलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत, फार वाईट वाटतं.

आम्ही रॉ मागतो म्हणून काही फोटोग्राफर नाराज होतात. त्यांची काळजी रास्त आहे, म्हणून प्रिंट हातात दिल्यावर फाईल तुमच्यासमोर पुसतो. रॉ द्यायची नसेल तर पूर्ण आकाराची रंगीत जेपीईजी आणा, तीही चालेल. फक्त व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो नको.

रंगीताचं ब्लॅक अँड व्हाइट करून देण्याचे पैसे प्रत्येक फोटोमागे वेगळे पडतात. त्यात ४ × ६ ची एक चाचणी प्रिंट धरलेली आहे. रंगीत कागदावर राखाडीला कधी हिरवट, कधी गुलाबी झाक येते, म्हणून ती प्रिंट दिवसाउजेडी दाराशी नेऊन बघा. तुम्ही होकार दिल्यावरच मोठी प्रिंट मशीनला लावतो.