पान चालतं, शेंडा चालत नाही: गांजाबंदीची पार्श्वभूमी

जैसलमेरच्या किल्ल्याच्या दाराशी सरकारमान्य भांगेचं दुकान आहे, वाराणसीतही अशी दुकानं आहेत. तिथे पानांची हिरवी गोळी, म्हणजे भांग, घेणारा माणूस गिऱ्हाईक ठरतो. त्याच झाडाचा वाळलेला शेंडा, म्हणजे गांजा, खिशात सापडला, की तोच माणूस आरोपी. गांजा कायदेशीर करावा का, हा वाद आपल्याकडे एखाद्या क्रूझवर छापा पडला की पेटतो आणि आठवड्याभरात विझतो. वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट धरून चालतात, की गांजा पूर्वापार बंदच होता. प्रत्यक्षात देशभर बंदी येऊन अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत.

इंग्रजी अमलात गांजा हा आबकारीचा विषय होता, म्हणजे दारूसारखाच. बंगालात नौगाव (आता बांगलादेशात), मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा ही लागवडीची मुख्य ठिकाणं. विक्री परवान्याने चाले आणि सरकारला महसूल मिळे. १८९३ साली विल्यम केन या दारूबंदीवाल्या खासदाराने ब्रिटिश संसदेत विचारलं, की हिंदुस्थानात गांजामुळे माणसं वेडी होतात त्याचं काय? त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने १,१९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये जाडजूड खंडांत अहवाल दिला.

त्या अहवालातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. इस्पितळाच्या नोंदवहीत 'वेडाचं कारण' असा रकाना असे. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पोलीस आणून सोडत. नातेवाईक माहीत नसत, पूर्वेतिहास ठाऊक नसे, पण रकाना तर भरायचा असे. मग लिहा 'गांजा'! आयोगाने ही प्रकरणं एकेक करून उलगडली, तेव्हा त्यातली बरीचशी टिकलीच नाहीत. बेताने ओढणाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही, अतिरेक मात्र वाईट, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बंदी नको, कर लावा, परवाने द्या, लागवडीला आवर घाला, अशी शिफारस झाली. यात महसुलाचा मोह अजिबात नव्हता असं कोण म्हणेल? पण पुराव्याला सामोरं जाण्याची ती पद्धत आजच्या चर्चेत दिसत नाही, एवढं खरं.

महाराष्ट्राची वाट तशी देशभरच्या बंदीआधीच वेगळी झाली होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं नाव दारूचं असलं, तरी त्याच्या कक्षेत गांजा, अफू आणि भांगही येते. जैसलमेरसारखं भांगेचं दुकान आपल्याकडे दिसत नाही ते त्यामुळे.

पान आणि शेंड्यातली रेघ मात्र परदेशात आखली गेली. १९२५ साली जिनिव्हात इजिप्तने चरस-गांजावर कडक निर्बंध मागितले, तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या प्रतिनिधीने इथल्या धार्मिक-सामाजिक रूढींचा दाखला देत हात आखडता घेतला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही घासाघीस झाली. त्यात गांजाची व्याख्या 'फुलं किंवा फळं धरलेले शेंडे' अशी झाली, आणि शेंड्यांसोबत नसलेली पानं-बिया वगळल्या गेल्या. थोडक्यात, भांग सुटली. औषधाखेरीज गांजाचा वापर थांबवायला करार लागू झाल्यापासून पंचवीस वर्षं दिली. करार १९६४ च्या डिसेंबरात लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ पर्यंत.

मुदत जवळ येत होती आणि त्याच सुमारास मुंबईच्या गल्ल्यांत गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आलं. १९८५ च्या ऑगस्टमध्ये अमली पदार्थांवर देशभर बंदी आणणारं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, सप्टेंबरात राष्ट्रपतींची सही झाली आणि १४ नोव्हेंबरला कायदा लागू झाला. त्याचं मराठी नाव इतकं लांबलचक आहे, की पोलीस ठाण्यापासून हायकोर्टापर्यंत सगळे 'एनडीपीएस' (नार्कोटिक ड्रग्ज अँड सायकोट्रॉपिक सबस्टन्सेस) म्हणूनच मोकळे होतात. गर्द आणि गांजा एकाच पोत्यात भरले गेले, ही या कायद्याबद्दलची जुनी तक्रार. ती पूर्ण खरी नाही, कारण मूळ कायद्यात गांजाला पाच वर्षांपर्यंतच शिक्षा होती, चरस-हेरॉइनला किमान दहा. पुढे ठरावीक द्रव्यांच्या मोठ्या साठ्याचा गुन्हा पुन्हा करणाऱ्याला फाशी सक्तीची झाली. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली काढली.

२००१ च्या दुरुस्तीने सगळा भार वजनावर आला. गांजा किलोभर असेल तर शिक्षा आज एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेला तर किमान दहा वर्षं, आणि जामीन दुरापास्त. म्हणून पंचनाम्यातला काटा महत्त्वाचा. पोत्यात शेंडे, पानं, देठ, बिया सगळं एकत्र कोंबलेलं असतं आणि वजन मात्र एकच लिहिलेलं. 'यात शेंडे किती?' हा जामिनाच्या अर्जातला नेहमीचा प्रश्न. १९६१ ची व्याख्या अशी थेट तराजूत येऊन बसते.

बंदी सैल करण्याची मागणी देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून आली. पतियाळाचे खासदार डॉ. धरमवीर गांधी यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयकाचा घाट घातला. अफू आणि भुक्की (अफूच्या बोंडांचा भुसा) बंद केल्यामुळे पंजाबची पोरं 'चिट्ट्या'कडे, म्हणजे हेरॉइनकडे वळली, हा त्यांचा मुद्दा. उत्तराखंडने नशा न येणाऱ्या भांगेच्या धाग्यासाठी लागवडीचे परवाने दिले. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताचं मत ठरावाच्या बाजूने होतं. त्याची इथे फारशी वाच्यता झाली नाही.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज केला, की कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून लागवड करीन, असंही त्यात होतं. अर्ज पोलिसांकडे गेला आणि तो प्रसिद्धीसाठीचा स्टंट ठरला. शेजारच्या नगर जिल्ह्यात हेच पीक एके काळी उघड्यावर निघत होतं.