यूसी म्हणजे सही-शिक्क्याची एसई नव्हे

विद्यापीठाच्या संशोधन विभागात नव्याने आलेल्या प्रकल्प सहायकाला एसई, म्हणजे खर्चाचं विवरणपत्र, लवकर जमतं. मनुष्यबळ, रसायनं-काचसामान, प्रवास, उपकरणं, ओव्हरहेड (संस्थेचा वरखर्च) अशा हेडनिहाय मंजुरी किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढाच मामला. मंजुरीशिवाय हेड ओलांडायचा नाही, झालं.

घोळ होतो तो यूसीत, उपयोगिता प्रमाणपत्रात. एसईची बेरीज उचलायची, साहेबांची सही घ्यायची, की यूसी तयार, ही समजूत काही केल्या जात नाही. एसई पैसा कुठे गेला ते सांगते. यूसीत संस्था लिहून देते की पैसा मंजूर कामालाच लागला. म्हणून केंद्राच्या अनुदानासाठी जीएफआर २०१७ चा, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांचा, जो १२-ए नमुना आहे, त्यावर संस्थेचे वित्तप्रमुख आणि संस्थाप्रमुख सही करतात. एकट्या पीआयच्या, म्हणजे प्रमुख संशोधकाच्या, सहीचा कागद परत येणारच.

१२-ए मधले सात रकाने एका उदाहरणावर रांगेत बघा. मागची शिल्लक १,२०,०००. तिच्यावरचं व्याज १४,०००. सरकारला परत भरलेलं व्याज १४,०००. वर्षात आलेलं अनुदान ८,००,०००. पहिले दोन आणि चौथा मिळवा, तिसरा वजा करा: उपलब्ध ९,२०,०००. खर्च ७,६०,०००, अखेरची शिल्लक १,६०,०००.

आता नेहमीची चूक. २८ मार्चला ९०,००० च्या रसायनांची ऑर्डर गेली, बिल १२ एप्रिलला चुकतं झालं. ‘पैसे गेल्यातच जमा’ म्हणून यूसीत खर्च ८,५०,००० दाखवला जातो आणि शिल्लक ७०,०००. खातेवहीत मात्र १,६०,०००. लेखापरीक्षक पहिला हाच आकडा ताडून बघतो. पुढच्या वर्षी तर आणखी गुंता: सुरुवातीची शिल्लक ७०,००० धरावी, तर एप्रिलचं बिल पुन्हा खर्चात येतं, धरू नये, तर मागच्या यूसीशी मेळ बसत नाही. पुरवठादाराने माल कमी पाठवून ८४,००० चंच बिल दिलं, तर उरलेले ६,००० कोणत्याच कागदावर नाहीत. ऑर्डर म्हणजे देणं, खर्च नव्हे. देणी एसईसोबत वेगळी दाखवावीत, यूसीच्या खर्चात अजिबात नकोत.

व्याजाचंही तसंच. पुढच्या हप्त्यात वळतं करून घेऊ, ही सोय जीएफआरच्या नियम २३० (८) ने बंद केली आहे. हिशेब पक्का झाला की ते भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरायचं आणि चलन जोडायचं. शून्य-शिल्लक खात्यावर, म्हणजे जिथे पैसा संस्थेकडे पडून राहत नाही अशा खात्यावर, चालणाऱ्या योजनेत व्याजाच्या रकान्यात ‘०’ लिहा. रकाना मोकळा सोडायची सवय फार वाईट.

आणि वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. प्रकल्प सप्टेंबरात सुरू झाला म्हणून यूसी सप्टेंबर ते ऑगस्ट होत नाही. ते वर्ष प्रगती अहवालापुरतं.