वेम्बलीचा तिसरा गोल आणि अकरा सेंटीमीटर

फुटबॉलच्या नियमांत गोल कशाला म्हणायचं हे अगदी थोडक्यात सांगितलं आहे. दोन खांबांच्या मधून आणि आडव्या दांड्याच्या खालून संपूर्ण चेंडू संपूर्ण गोलरेषेच्या पलीकडे गेला पाहिजे. चेंडू जमिनीवर असो वा हवेत, नियम तोच. तरीही ३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर याच नियमाने जो वाद पेटवला, तो इंग्लंड आणि जर्मनीत अजून धुमसतो आहे.

विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. निर्धारित वेळेच्या शेवटच्या क्षणी जर्मनीच्या वोल्फगांग वेबरने गोल करून २-२ अशी बरोबरी साधली होती आणि सामना जादा वेळेत गेला होता. १०१व्या मिनिटाला उजवीकडून ॲलन बॉलने चेंडू आत दिला. इंग्लंडच्या जेफ हर्स्टने वळून जोरदार फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला आपटला, सरळ खाली आला, जमिनीवर टेकला आणि उसळून मैदानाकडे परतला. वेबरने तो डोक्याने दांड्यावरून बाहेर घालवला. स्विस पंच गॉटफ्रीड डिन्स्ट यांना निर्णय देता येईना. ते धावत लाइन्समन, म्हणजे मैदानाच्या कडेला उभे असलेले सहायक पंच, तोफिक बहरामोव यांच्याकडे गेले. बहरामोव सोव्हिएत संघातल्या अझरबैजानचे. त्यांनी गोल झाल्याचं सांगितलं आणि इंग्लंडला ३-२ अशी आघाडी मिळाली. अखेरच्या मिनिटाला हर्स्टने आणखी एक गोल केला, सामना ४-२ असा संपला. इंग्लंडच्या पुरुष संघाने जिंकलेला तो आजवरचा एकमेव विश्वचषक.

मग तो तिसरा गोल होता का? माझ्या मते या प्रश्नाकडे प्रामाणिकपणाचा प्रश्न म्हणून पाहण्यातच साठ वर्षं वाया गेली. कुणी बहरामोव यांच्यावर पक्षपाताचा आळ घेतला, कुणी त्यांची बाजू लावून धरली. पण त्या दिवशी त्या जागी कुठल्याही माणसाला, कितीही सरळ असला तरी, खात्रीने निर्णय देता आला नसता. कारण भूमितीत, प्रकाशात आणि आपल्या डोळ्यांत आहे.

आधी भूमिती. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण २२ सेंटीमीटर. जमिनीवर टेकतो तेव्हा तो बरोबर मध्याखाली टेकतो आणि त्याची फुगीर बाजू टेकण्याच्या बिंदूपासून चहूकडे ११ सेंटीमीटर बाहेर आलेली असते. समजा चेंडू रेषेच्या मागे, हिरव्या गवतावर, रेषेच्या मागच्या कडेपासून ८ सेंटीमीटरवर टेकला. पाहणारा म्हणेल, हा काय, रेषेच्या आत पडला! पण त्याची पुढची बाजू अजून ३ सेंटीमीटर रेषेवर लोंबते आहे, म्हणून नियमाने तो गोल नाही. गोल होण्यासाठी टेकण्याचा बिंदू रेषेच्या मागच्या कडेपासून किमान ११ सेंटीमीटर आत हवा. मैदानावरच्या निम्म्या भांडणांचं मूळ या अकरा सेंटीमीटरांत आहे. आपण चेंडू कुठे पडला ते पाहतो, नियम मात्र चेंडूची कड कुठे आहे ते विचारतो.

आता लाइन्समनचं स्थान पाहू. ऑफसाइड (आक्रमक खेळाडू बचावफळीच्या पुढे उभा आहे का) पाहण्याची जबाबदारी असल्यामुळे लाइन्समन सहसा गोलरेषेच्या सरळ रेषेत नसतो, थोडा मैदानाच्या मध्याकडे असतो. समजा तो कोपऱ्यातल्या झेंड्यापासून १० मीटरवर उभा आहे, मैदान ६८ मीटर रुंद आहे आणि त्याचे डोळे जमिनीपासून १.७ मीटर उंचीवर आहेत. गोलच्या मध्यावर, बरोबर रेषेच्या वर, जमिनीपासून १० सेंटीमीटर उंचीवर एक चेंडू आहे. लाइन्समनची नजर चेंडूच्या तळाला स्पर्शून पुढे जमिनीवर जाऊन पडते. ती कुठे पडते? साध्या समरूप त्रिकोणांचं गणित केलं तर उत्तर येतं, गोलरेषेच्या मागे सुमारे ६२ सेंटीमीटर! चेंडू रेषेच्या डोक्यावर आहे, पण लाइन्समनला तो अर्ध्या मीटरहून अधिक आत गेलेला दिसतो. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. चेंडू जितका उंच, तितकी ही चूक मोठी. ती शून्य होते फक्त चेंडू जमिनीला टेकलेला असताना, आणि तो क्षण सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा असतो.

इंग्लंडचे पाठीराखे आणखी एक पुरावा देतात. इंग्लंडचा खेळाडू रॉजर हंट गोलच्या अगदी जवळ होता. चेंडू पुन्हा जाळ्यात ढकलण्याऐवजी तो हात उंचावून वळला. त्याला खात्री नसती तर त्याने तसं केलं असतं का? खात्री असेलही. पण तो गोलच्या समोर होता. समोरून पाहताना चेंडू आपल्यापासून किती दूर आहे याचा अंदाज सर्वांत कच्चा असतो, शिवाय चेंडू स्वतःच्या मागचं सगळं झाकतो. काही सेंटीमीटरांचा फरक ओळखायला त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती वेळेची गोष्ट. आडवा दांडा २.४४ मीटर उंचीवर असतो. दांड्याला लागून चेंडू सेकंदाला १५ मीटरच्या आसपास वेगाने खाली आला असं धरलं, तर जमिनीपर्यंत पोहोचायला त्याला साधारण ०.१६ सेकंद लागतात. एखाद्या वस्तूने अचानक दिशा बदलली तर आपली नजर तिकडे उडी घ्यायला सुरुवात करते तीच मुळी सुमारे ०.२ सेकंदानंतर. म्हणजे चेंडू जमिनीला टेकला तेव्हा पाहणाऱ्यांची नजर बहुतेक दांड्याजवळच होती. खाली काय झालं ते दृष्टीच्या कडेच्या, अंधुक भागाने टिपलं. शिवाय नजर उडी घेत असताना मेंदू चित्र जवळपास बंद ठेवतो, आणि आपल्याला ती फट जाणवतही नाही, कारण मेंदू ती आधीच्या-नंतरच्या दृश्यांवरून बुजवून टाकतो. ९० हजारांहून अधिक लोकांनी तो क्षण ‘पाहिला’. त्यातल्या फार थोड्यांनी तो खरोखर पाहिला असेल.

कॅमेऱ्यानेही दगा दिला. त्या काळचं चित्रीकरण सेकंदाला सुमारे २५ चौकटींचं. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारा चेंडू दोन चौकटींच्या दरम्यान ८० सेंटीमीटर सरकतो. नेमका टेकण्याचा क्षण चौकटीत सापडला तर नशीब.

चेंडू आत पडला असता तर जाळ्यात गेला असता, बाहेर कसा उसळला, हा जर्मन बाजूचा जुना प्रश्न. ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. पुढे जाणारा चेंडू दांड्याच्या खालच्या बाजूला घासतो तेव्हा घर्षण चेंडूच्या वरच्या भागाला मागे ओढतं. चेंडूला जबरदस्त उलटी फिरकी मिळते. अशी फिरकी घेतलेला चेंडू जमिनीवर टेकला की त्याचा तळ पुढे सरकत असतो, म्हणून जमिनीचं घर्षण त्याला मागे, म्हणजे मैदानाकडे ढकलतं. थोडक्यात, चेंडू रेषेच्या आत पडूनही बाहेर येऊ शकतो आणि रेषेवर पडूनही बाहेर येऊ शकतो. उसळण्याच्या दिशेवरून काहीच सिद्ध होत नाही.

१९९०च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या इयन रीड आणि अँड्र्यू झिसरमन या दोघांनी जुन्या चित्रफितींवर संगणकीय दृष्टीचं तंत्र वापरून पाहिलं. गोलचे खांब, दांडा, मैदानावरच्या रेषा यांची मापं ठाऊक असतात. चित्रात त्या कशा तिरक्या झाल्या आहेत यावरून कॅमेरा आणि मैदान यांच्यातलं नातं काढता येतं. वेगवेगळ्या जागांवरून घेतलेली दृश्यं जुळवली की चेंडूचं मैदानावरचं स्थान मोजता येतं. त्यांचा निष्कर्ष असा की संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला नव्हता. दोघेही इंग्लंडमधल्या विद्यापीठाचे आणि निष्कर्ष इंग्लंडच्या विरुद्ध. विज्ञानाचं हेच मला आवडतं.

पण मोजमापाने भांडण मिटलं नाही, आणि त्यामागेही शास्त्र आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रफीत दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या निम्मेही डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले नाहीत. मुलं खोटं बोलत नव्हती. आपला संघ डोळ्यांच्या मागे बसून पाहतो, आणि एकाच चित्रफितीतून दोन सामने तयार होतात.

पंचही यातून सुटत नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ४० प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले होते, काहींना प्रेक्षकांच्या आरोळ्यांसह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. वेम्बलीवर त्या दिवशी यजमान कोण होतं हे सांगायला नको.

त्यानंतरचा या दोन देशांचा इतिहास त्या एका गोलच्या सावलीत लिहिला गेला. १९७० मध्ये मेक्सिकोतल्या लिओनला इंग्लंड २-० पुढे होतं, जर्मनीने ३-२ असा सामना काढला. १९९० मध्ये तुरिनला आणि १९९६ मध्ये खुद्द वेम्बलीवर, दोन्ही उपांत्य सामने पेनल्टी शूटआउटमध्ये जर्मनीने जिंकले. १९९६च्या सामन्याआधी लंडनच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर इंग्लिश खेळाडूंना युद्धातली शिरस्त्राणं घातलेली दाखवली, आणि त्यावर ब्रिटनमध्येच टीका झाली. त्याच वर्षी १९६६चा तो चेंडू इंग्लंडला परत आला. अंतिम सामन्यातला पहिला गोल करणाऱ्या हेल्मुट हालरने तो आपल्याबरोबर घरी नेला होता. जर्मन लोकांना विचाराल तर खरं वैर नेदरलँड्सशी, असं पुष्कळ जण सांगतील. वेम्बलीची जखम मात्र त्यांनीही जपून ठेवली. दांड्याला लागून खाली पडणाऱ्या प्रत्येक वादग्रस्त गोलला तिथे आजही वेम्बलीचंच नाव देतात.

२७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफोंटेनला हिशोब उलटा झाला. जर्मनी २-१ पुढे असताना इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डचा फटका दांड्याच्या खाली लागून गोलरेषेच्या स्पष्टपणे आत पडला आणि उलट्या फिरकीने उसळून बाहेर आला. गोलरक्षक मानुएल नॉयरने चेंडू उचलून काहीच न झाल्यासारखा खेळ पुढे नेला. पंचांनी गोल दिला नाही. जगभर टीव्हीवर काही सेकंदांत सत्य दिसत होतं, मैदानावरच्या तीन माणसांना मात्र नाही. जर्मनी ४-१ जिंकलं. फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी इंग्लंडची माफी मागितली आणि गोलरेषा तंत्रज्ञानाला असलेला त्यांचा विरोध मावळला. जुलै २०१२ मध्ये नियममंडळाने या तंत्राला मान्यता दिली.

त्यातली एक प्रणाली आपल्या क्रिकेटप्रेमींना चांगली ठाऊक आहे. पायचीतच्या निर्णयात चेंडूचा मार्ग दाखवणारं हॉक-आय हेच ते. प्रत्येक गोलभोवती छताजवळ साधारण सात कॅमेरे लावलेले असतात. एक कॅमेरा चेंडूची फक्त दिशा सांगतो, अंतर सांगू शकत नाही. पण दोन ठिकाणच्या दिशा जिथे छेदतात तिथे चेंडू असतो. सातांपैकी काहींना खेळाडू आड आले तरी उरलेल्यांवर काम भागतं. २०१४च्या विश्वचषकात वापरलेल्या प्रणालीचे कॅमेरे सेकंदाला ५०० चित्रं घेत होते. सेकंदाला २० मीटर जाणारा चेंडू तेवढ्यात ४ सेंटीमीटरच सरकतो. १९६६चे ८० सेंटीमीटर आठवा. गोल झाला की एका सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. यंत्र कधीच चुकत नाही असं नाही. २०२० मध्ये ॲस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्यात गोलरक्षक चेंडू घेऊन रेषेच्या आत गेला आणि सगळ्या कॅमेऱ्यांची दृष्टी एकाच वेळी अडली. गोल होता, दिला गेला नाही. पण असे प्रसंग फार विरळा.

१ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये जपान विरुद्ध स्पेन सामन्यात चेंडू स्पेनच्या शेवटच्या रेषेबाहेर गेल्यासारखा दिसत असताना काओरू मितोमाने तो आत फिरवला आणि आओ तनाकाने गोल केला. टीव्हीवरच्या कोनातून चेंडू आणि रेषा यांच्या मध्ये हिरवं गवत चक्क दिसत होतं. तपासणीत कळलं की वरून पाहिलं तर चेंडूची फुगीर कड अजून किंचित रेषेवर आहे. नियम तोच, संपूर्ण चेंडू, संपूर्ण रेषा. गोल ग्राह्य धरला गेला आणि जपान २-१ जिंकलं. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर जर्मनी कोस्टा रिकाला ४-२ ने हरवत होतं. तो गोल रद्द होऊन जपानचा सामना १-१ सुटला असता, तर जपान आणि जर्मनी दोघांचे ४ गुण झाले असते आणि गोलफरकात जर्मनी पुढे गेलं असतं. चेंडूच्या त्या किंचित कडेपायी जर्मनीचा संघ साखळीतूनच घरी परतला.