छायाचित्रणापूर्वी आपल्या मनातले चित्र आम्हाला कसे कळवावे

विवाहपूर्व छायाचित्रणासाठी आपण आमच्या स्टुडिओची निवड केलीत, याबद्दल आम्ही आभारी आहोत. ठरलेल्या दिवसाच्या किमान आठ दिवस आधी आपण दोघांनी आमच्याशी एकदा निवांत बोलावे, अशी विनंती आहे. आपली आवड जागेवर पोहोचल्यावर कळली, तर सोबत आणलेली लेन्स, निवडलेली वेळ आणि जागा यांपैकी काहीच बदलता येत नाही.

बहुतेक ग्राहक मोबाइलवर साठवलेली वीस-तीस छायाचित्रे नमुन्यादाखल पाठवतात. ती जरूर पाठवावीत, मात्र प्रत्येकाखाली त्यातले नेमके काय आवडले, हे एका ओळीत लिहावे. मागे एका जोडप्याने धुक्यातली बरीच छायाचित्रे पाठवली आणि आम्ही महाबळेश्वरची पहाट गृहीत धरून बसलो. बोलण्यातून उलगडले ते असे, की त्यांना धुक्याचे अप्रूप नव्हते, कॅमेऱ्याकडे न पाहता गप्पा मारत चालणारी माणसे आवडली होती. ते काम शेवटी वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर झाले.

नमुन्यातला प्रकाश आपल्या तारखेला मिळेलच असे नाही. मे महिन्यात भर दुपारी ऊन डोक्यावरून येते, डोळ्यांखाली काळी सावली पडते आणि ती नंतर संगणकावर पुसली तरी चेहरा नैसर्गिक दिसत नाही. म्हणून सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तासभर आम्ही मागून घेतो, पहाटे उठण्याबद्दल थोडी कुरकुर होते हे ठाऊक असूनही.

कपड्यांची छायाचित्रे आधी पाठवावीत. धूपछाव पैठणीवर समोरून फ्लॅश मारला, तर जरीचे काम पांढरे चमकते आणि वळणागणिक पालटणारा रंग हरवतो. तीच पैठणी खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात खुलते. अगदी बारीक चौकडीच्या शर्टावर छायाचित्रात कधी कधी नसलेल्या लाटा उमटतात, त्यामुळे तो शक्यतो टाळावा. आजीची ठुशी किंवा वडिलांची जुनी स्कूटर असे काही सोबत आणायचे असल्यास तेही सांगावे, म्हणजे त्यासाठी वेळ राखून ठेवता येईल.

शनिवारवाड्यासारख्या केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावायचा असेल, तर पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ड्रोनसाठीचे नियमही निराळे आहेत. अशा कल्पना जितक्या लवकर कळतील तितके बरे.

काय हवे याइतकेच काय नको, हेही आम्हाला कळायला हवे. उचलून घेणे, फार जवळ उभे राहणे किंवा चेहऱ्याची एखादी बाजू दाखवणे आपल्याला अवघड वाटत असेल, तर ते जागेवर सर्वांदेखत बोलून दाखवणे कठीण जाते. म्हणून दोघांनी आपापली यादी आम्हाला स्वतंत्रपणे लिहून पाठवावी. एकाची यादी दुसऱ्याला दाखवली जाणार नाही.