लाल फडके, बैल आणि लाल न टिपणारी फिल्म

जुन्या मूकपटांतील दृश्ये संगणकाकडून रंगवून घेण्याची हल्ली हौस आहे. स्पेनमधील मातादोरच्या, म्हणजे रिंगणात बैलाशी झुंजणाऱ्याच्या, प्रेमाची आणि मरणाची कथा सांगणारा, रुडॉल्फ व्हॅलेंटिनोची भूमिका असलेला १९२२ सालचा ‘ब्लड अँड सँड’ असा रंगवला, तर त्यात बैलासमोर नाचवले जाणारे फडके लालभडक होणार आणि ते पाहूनच बैल पिसाळला असे आपण म्हणणार. प्रत्यक्षात तो लाल रंग बैलाला दिसत नाही आणि त्या काळच्या फिल्मलाही दिसत नसे.

माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, तर बैलाच्या डोळ्यांत दोनच, सुमारे ४५० आणि ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या. त्यामुळे लाल आणि हिरवा यांतला भेद त्याला करता येत नाही. तो धावतो फडक्याच्या हालचालीवर. झुंजीच्या आरंभी वापरले जाणारे मोठे वस्त्र तर किरमिजी-पिवळे असते आणि बैल त्याच्यावरही तितक्याच त्वेषाने जातो. लाल लुगडे नेसून गोठ्यात जाऊ नये असे बजावणाऱ्यांनी लुगड्यापेक्षा बैलाचा स्वभाव पाहावा.

फिल्मची गोष्ट अधिक सुरस आहे. तिच्यावरील सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकातून इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. निळ्या प्रकाशाच्या फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशकणाकडे, ती असते, लाल फोटॉनकडे जेमतेम १.९. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन स्फटिकातील एखाद्या दोषस्थानी अडकतो, तेथे चांदीचा आयन (विद्युतभारित अणू) येऊन त्याचा अणू बनतो, आणि असा निदान चार अणूंचा पुंजका जमला की विकासक द्रावण त्या स्फटिकातील अब्जावधी आयनांची चांदी करून टाकते. १८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हरमान फोगेल यांना आढळले की, स्फटिकांवर योग्य रंजकद्रव्य चढवल्यास ते हिरवा प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन स्फटिकाकडे सोपवते. मूकपटांसाठी सर्रास वापरली जाणारी ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ फिल्म याच तत्त्वावरची, म्हणजे निळा-हिरवा टिपणारी पण लालला आंधळी. म्हणूनच ती लाल दिव्याच्या उजेडात निर्धास्तपणे धुता येई.

जिथे अबोल प्रेम केवळ डोळ्यांनी आणि ओठांनी सांगायचे, तिथे लाल ओठ काळे आणि निळे डोळे पांढुरके उमटत, त्यामुळे नटनट्यांना रंगभूषेची वेगळीच तजवीज करावी लागे. लालही टिपणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ फिल्म १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. त्याआधीच्या फिल्मवर लाल फडके आणि काळे फडके जवळपास सारखेच उमटत असल्याने संगणकाने भरलेला लाल रंग चित्रफितीतून आलेला नसतो. तो आपल्याच समजुतीतून आलेला असतो.